एकोणिसावा इलेक्ट्रॉन

अणूची रचना शिकवायला हायड्रोजनपासून सुरुवात करू नये असं माझं आता ठाम मत झालंय, निदान आमच्या जळगाव जिल्ह्यात तरी. पोटॅशियमपासून करावी. हायड्रोजन सोपा आहे हे खरं, एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन, फळ्यावर दोन सेकंदात काढून होतो, पण पोरांनी हायड्रोजन कधी हातात घेतलेला नसतो आणि पोटॅशियम मात्र चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात केळीवाल्याच्या घरी ओसरीवर, गोठ्याच्या कोपऱ्यात, कुठेतरी खताच्या पन्नास किलोच्या गोणीत पडलेलंच असतं. त्या गोणीवर बसून अभ्यास करणारी पोरं मी पाहिलीत. अभ्यास कसला तर विज्ञानाचा, आणि पाठ काय करताय तर पोटॅशियम दोन आठ आठ एक, पोटॅशियम दोन आठ आठ एक.

मी केमिस्ट्रीच्या शिकवण्या घेतो. आठवीला 'अणूचे अंतरंग' येतं, तिथे डाल्टन, थॉमसन, रदरफोर्ड, बोर अशी माणसं ओळीने येतात, प्रत्येकाला एकेक आकृती, आकृतीखाली दोन-तीन ओळी, मग इलेक्ट्रॉन संरूपणाचा, म्हणजे केंद्रकाभोवतीच्या कुठल्या थरात, कवचात, किती इलेक्ट्रॉन बसलेत त्याचा तक्ता. पोरं हुशार असतात, तक्ता पाठ करतात, परीक्षेत मार्क पण पडतात. पण त्यांना विचारा की बाबा रे हे दोन, आठ, आठ, एक कुणी मोजलं, कसं मोजलं, तर पोरं गप्प होतात. त्यांचा काही दोष नाही. आपण त्यांना उत्तर आधी देतो आणि प्रश्न पडायची जागाच ठेवत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण हा विषय इतका सुंदर आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या इतक्या जवळ पडलेला आहे, की असं कोरडं शिकवणं म्हणजे भरल्या ताटावरून पोराला उठवण्यासारखं आहे.

प्रश्न खरा कसा पडतो ते सांगतो. दादाची चोपड्याकडे केळी आहे, कांदेबाग, म्हणजे पावसाळा सरताना लावलेली. थंडीतली सकाळ होती, ठिबकमधून पोटॅश सोडायचं होतं, पांढरं पोटॅश प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये ओतून काठीने ढवळणं चालू होतं. पुतण्या आदल्या आठवड्यात शाळेत अल्क धातू शिकून आलेला, मोबाईलवर त्याने पोटॅशियमचा तुकडा पाण्यात टाकल्याचा व्हिडिओ पण पाहिलेला, तो जांभळट जाळ, तो फटाका. तो ड्रमकडे बघत म्हणाला, "काका, पोटॅशियम पानीमा पेटस ना, मंग हाई कसं पेटत नही?"

मला इतका आनंद झाला त्या प्रश्नाचा की काय सांगू. दादा म्हणाला, "हात घाली देख." त्याने हात घातला आणि चटकन बाहेर काढला, कारण पाणी गार पडलं होतं, विहिरीच्या पाण्यापेक्षा चांगलं गार. पेटायचं तर सोडाच, हे उलट पाण्यातली उष्णता ओढून घेतं. पन्नास लिटर पाण्यात पाच किलो पोटॅश विरघळवलं की पाणी चार-पाच अंशांनी उतरतं, हाताला स्पष्ट कळतं. ठिबकवाले सगळे शेतकरी हे वर्षानुवर्षं बघतात, त्यांना त्यात नवल वाटत नाही. पण एकाच नावाचा पदार्थ एका रूपात पाण्यावर जळतो आणि दुसऱ्या रूपात पाणी गार करतो, आणि या दोन रूपांत फरक किती, तर फक्त एका इलेक्ट्रॉनचा. अख्ख्या अणूत तो एक कमी झाला. केंद्रात काहीही बदललेलं नाही, वजनात म्हणाल तर फरक नसल्यात जमा आहे.

पोटॅशियमच्या केंद्रकात एकोणीस प्रोटॉन असतात. म्हणून बाहेर एकोणीस इलेक्ट्रॉन. त्यातले अठरा आत नीट बसलेले, आणि एकोणिसावा एकटा बाहेर, चौथ्या कवचात. धातू म्हणून पोटॅशियम असतं तेव्हा तो एकोणिसावा तिथे असतो आणि तो जायलाच टपलेला असतो. पाणी दिसलं की देऊन टाकला. पाण्याच्या रेणूतून हायड्रोजन सुटतो, त्या सगळ्या देवाणघेवाणीत एवढी उष्णता बाहेर पडते की हायड्रोजन पेट घेतो. म्हणून लॅबमध्ये हा धातू रॉकेलसारख्या तेलात बुडवून ठेवतात, आणि म्हणूनच बऱ्याच कॉलेजात सोडियमवरच भागवतात, पोटॅशियम बाहेर काढतच नाहीत. गोणीतलं पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. तिथे तो एकोणिसावा इलेक्ट्रॉन केव्हाच क्लोरीनला दिला गेलाय. जे पेटायचं होतं ते ज्या इलेक्ट्रॉनमुळे पेटायचं होतं तोच आता नाही, मग पेटणार काय.

आणि हा व्यवहार आजचा पण नाही. भारत जवळजवळ सगळं पोटॅश बाहेरून आणतो, कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल अशा देशांतून, आणि त्यातलं बरंचसं खाणीतलं असतं, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्रांचं मीठ. त्या समुद्रात पण ते आयन म्हणूनच, म्हणजे तो इलेक्ट्रॉन देऊन बसलेलंच होतं. निसर्गात पोटॅशियम धातू म्हणून कुठे मिळतच नाही. तो इलेक्ट्रॉन त्याला परत चिकटवायचा तर जबरदस्ती करावी लागते, वीज लावावी लागते. हंफ्री डेव्हीने १८०७ साली लंडनमध्ये वितळलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून वीज सोडून पहिल्यांदा ते केलं, आणि जगात पहिल्यांदा माणसाने पोटॅशियम धातू डोळ्यांनी पाहिला. तोपर्यंत राखेतून क्षार काढणारी, साबण करणारी माणसं हजारो वर्षं पोटॅशियम हाताळत होती, पण त्यातला तो एकोणिसावा इलेक्ट्रॉन असलेला अणू कुणी पाहिला नव्हता.

आता मुख्य प्रश्न, एकोणिसावाच का? अठरावा का जात नाही? पाण्याने एक घेतला तसा दुसरा का नाही घेत? इथे मला पुस्तकातल्या त्या वर्तुळांपेक्षा आकड्यांची एक रांग जास्त आवडते, आणि मी आजकाल अकरावीच्या पोरांना वर्तुळं काढायच्या आधी ती रांगच फळ्यावर लिहून देतो. अणूतून इलेक्ट्रॉन उपटायला किती ऊर्जा लागते ते मोजता येतं, इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये सांगतात. पोटॅशियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला ४.३ लागतात. दुसरा काढायला ३१.६. म्हणजे एकदम सातपट! मग तिसरा, चौथा, पाचवा असं हळूहळू वाढत वाढत नवव्यापर्यंत आपण १७६ च्या आसपास येतो, आणि दहाव्याला पुन्हा उडी, ५०० च्या वर. परत हळूहळू चढ, सतराव्यापर्यंत हजाराच्या आसपास, आणि अठराव्याला ४,६०० च्या वर. एकोणिसाव्याला ४,९०० च्या वर, की संपले.

ही रांग फळ्यावर लिहून मी काहीच बोलत नाही. पोरांना म्हणतो, उड्या कुठे आहेत तिथे रेघ मारा. पोरं रेघा मारतात. एक, मग आठ, मग आठ, मग दोन. आणि मग कुणीतरी एखादी मुलगी ते उलट वाचते, दोन, आठ, आठ, एक, आणि वर्गात एक असा आवाज येतो ना, सगळ्यांचा एकदम, तो ऐकायला मी शिकवण्या घेतो असं म्हटलं तरी चालेल. कवचं कुणी डोळ्यांनी बघितली नाहीत. अणूत खरोखरची गोल गोल रिंगणं पण नाहीत, इलेक्ट्रॉन ग्रहासारखा फिरत नाही, तो कुठे सापडेल याच्या शक्यतांचा एक ढग असतो, हे पुढे अकरावीत येतंच. पण इलेक्ट्रॉन गटागटाने बसलेत आणि एका गटातून दुसऱ्या गटात जायला मोठी किंमत मोजावी लागते, हे त्या रांगेत सरळ दिसतं. बोरने १९१३ साली ठराविक कक्षांची कल्पना मांडली ती हायड्रोजनच्या रंगरेषांवरून, आणि तिची आकृती आपण पोरांना लगेच दाखवतो, पण ती आकृती मानायला लावणारे आकडे दाखवत नाही. मला वाटतं हे उलटं व्हायला पाहिजे.

चौकस पोरगा असला की तो इथे अडवतो. सर, तिसऱ्या कवचाची कपॅसिटी तर अठरा ना, दोन एन वर्ग, एन म्हणजे कवचाचा नंबर, मग आठवर का थांबलं, एकोणिसावा तिसऱ्यातच का नाही बसला? बरोबर प्रश्न आहे, आणि 'असा नियम आहे' असं सांगून त्याला गप्प करणं मला पटत नाही. तिसऱ्या कवचात पण सगळ्या जागा सारख्या नाहीत. त्यातल्या पहिल्या आठ जागा खोल आहेत, उरलेल्या दहा जागा, ज्यांना थ्री-डी म्हणतात, त्या आतल्या इलेक्ट्रॉनांनी चांगल्याच झाकलेल्या आहेत, केंद्राची ओढ तिथे नीट पोचत नाही. उलट चौथ्या कवचातली फोर-एस जागा नावाला बाहेरची, पण तिचा काही भाग आत केंद्राजवळ पोचतो. म्हणून पोटॅशियमला आणि पुढे कॅल्शियमला फोर-एस स्वस्त पडते. स्कँडियमपासून, म्हणजे एकविसाव्यापासून, त्या दहा जागा भरायला लागतात. आठवीच्या पोराला एवढं सगळं नको, पण प्रश्न बरोबर आहे रे, उत्तर दोन-तीन वर्षांनी देतो, एवढं तरी सांगावं.

शेतात याचं काय होतं ते पण सांगतो, कारण केळीवाल्याच्या पोराला इथेच खरी गोडी लागते. एक इलेक्ट्रॉन दिलेला पोटॅशियमचा आयन, त्याच्यावर एक अधिक प्रभार. आपल्या काळ्या मातीतल्या चिकणमातीच्या पापुद्र्यांवर ऋण प्रभार असतो, म्हणून आयन तिथे धरला जातो, पाण्याबरोबर लगेच वाहून जात नाही. मुळं तो उचलतात. आणि मजा बघा, नत्राचं झाडात प्रथिन होतं, स्फुरद डीएनएत जाऊन बसतं, पण पोटॅशियमचं झाडात काहीच 'होत' नाही. ते आयन म्हणून येतं, आयन म्हणूनच रसात फिरतं, पानावरची छिद्रं उघडायला-मिटायला लावतं, पानात तयार झालेली साखर घडापर्यंत पोचवायला मदत करतं. घड निसवला की दादा पोटॅशचा डोस का वाढवतो, तेरा शून्य पंचेचाळीस का, झिरो झिरो फिफ्टी का (हे खतातले नत्र, स्फुरद, पालाशचे टक्के), याचं उत्तर त्या एका गेलेल्या इलेक्ट्रॉनपर्यंत जातं. आतले अठरा घट्ट बसलेत, नवीन कुणाला द्यायचं नाही, कुणाचं घ्यायचं नाही, त्यामुळे हा आयन कुणाशी कायमचा बांधला जात नाही आणि झाडभर मोकळा हिंडू शकतो.

आपल्या शरीरात पण तेच. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, कुणाला जुलाब लागले की ओआरएसची पुडी फोडतो आपण, त्या पुडीत मिठाबरोबर पोटॅशियम क्लोराईड असतं. रसायन गोणीतलंच, शुद्धता अर्थात औषधाची. पेशी सतत तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत असा पंप चालवत असते, नसांमधून संदेश जातो तो या फरकावर. सोडियमनेही एकच इलेक्ट्रॉन दिलेला असतो, प्रभार सारखाच, पण त्याला कवच एक कमी म्हणून त्याचा आयन लहान, आणि पेशीच्या दारांना हा लहान-मोठा फरक बरोबर ओळखता येतो.

हे सगळं झालं बाहेरचं. आता आत जाऊ, कारण खरं थक्क व्हायला तिथे होतं.

पोटॅशियमचा अख्खा अणू दहा एकराच्या गोल मळ्याएवढा धरला, आणि तेवढाच वर आभाळात आणि खाली जमिनीत पण धरला, तर केंद्रक मधोमध पडलेल्या ज्वारीच्या दाण्याएवढं होईल. आणि अणूचं ९९.९७ टक्के वस्तुमान त्या दाण्यात. बाकी दहा एकरात ते एकोणीस इलेक्ट्रॉन, प्रत्येक प्रोटॉनच्या सुमारे १,८३६ व्या हिश्श्याएवढ्या वजनाचे. हे कळलं ते सोन्यामुळे. १९०९ साली मँचेस्टरला रदरफोर्डच्या हाताखाली गायगर आणि मार्सडेन या दोघांनी सोन्याच्या अगदी पातळ पत्र्यावर अल्फा कणांचा, म्हणजे धन प्रभाराच्या वेगवान कणांचा, मारा केला, सोनं कारण ते हवं तेवढं पातळ ठोकता येतं. अंधाऱ्या खोलीत बसून, मायक्रोस्कोपला डोळा लावून, पडद्यावरचे बारीक चमकारे एकेक करून मोजले त्यांनी. बहुतेक कण सरळ पार गेले, आणि हजारोंतला एखादा मागे फिरला. १९११ मध्ये रदरफोर्डने हिशोब मांडून सांगितलं की अणूचा सगळा धन प्रभार आणि जवळजवळ सगळं वजन मध्ये एका बारीक जागी एकवटलंय. न्यूट्रॉन मिळायला १९३२ उजाडलं, तो चॅडविकने शोधला.

पण मला इथे ज्या माणसाबद्दल मनापासून सांगायचंय तो आठवीच्या धड्यातल्या त्या रांगेत नसतो, हेन्री मोझली. रदरफोर्डकडेच मँचेस्टरला होता, नंतर ऑक्सफर्डला गेला. १९१३-१४ मध्ये त्याने एकामागून एक मूलद्रव्यं घेऊन त्यांच्यातून निघणारे एक्स-रे मोजले. ॲल्युमिनियमपासून थेट सोन्यापर्यंत गेला. एक्स-रे निघतात ते अगदी आतल्या इलेक्ट्रॉनमुळे, आतला एक उडवला की वरचा खाली त्याच्या जागेवर उतरतो आणि फरकाची ऊर्जा एक्स-रे म्हणून बाहेर टाकतो. त्याने वारंवारितेचं वर्गमूळ काढलं आणि अणुअंकासमोर आलेखावर मांडलं, तर सरळ रेघ! प्रत्येक मूलद्रव्याला एक पायरी, मध्ये काही नाही. तोपर्यंत अणुअंक म्हणजे तक्त्यातला नुसता रोल नंबर होता, मोझलीने दाखवलं की तो केंद्रातला खरा प्रभार आहे, मोजता येणारा. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात गेला आणि १० ऑगस्ट १९१५ ला गॅलिपोलीत मारला गेला. वय सत्तावीस. हे सांगताना माझा आवाज अजून बसतो.

आता जळगावच्या सराफ बाजारात या. घरातली जुनी मोड घेऊन आम्ही गेलो होतो, लग्नाचं सोनं करायचं होतं. पूर्वी कसोटीवर घासून, ॲसिड लावून टंच सांगायचे, आता दुकानात कॅरेट मीटर असतं. मी मुद्दाम काउंटरच्या आत जाऊन बघितलं, सराफ म्हणाले, "या ना सर, बघा." साधारण मिक्सरच्या खोक्याएवढं यंत्र, वर झाकण. आईची पाटली उघड्या खाचेवर ठेवली, खालच्या कॅमेऱ्यातून तिचा एक कोपरा स्क्रीनवर दिसत होता, घासून गुळगुळीत झालेली नक्षी इतकी मोठी दिसली की तिच्या रेघांत अडकलेला हळदीचा पिवळा गाळ पण दिसत होता. झाकण लावलं, थोडा वेळ गेला, आणि स्क्रीनवर डोंगरासारखी टोकं उगवायला लागली. एक टोक तांब्याचं, एक चांदीचं, सोन्याची दोन-तीन. मग आकडे आले, सोनं इतके टक्के, चांदी इतके, तांबं इतके. पाटलीला ओरखडासुद्धा नाही.

ते यंत्र जे करतं ते मोझलीचंच काम आहे. एक्स-रे मारायचे, आतला इलेक्ट्रॉन उडवायचा, वरचा खाली येताना काय बाहेर पडतं ते मोजायचं, आणि त्यावरून केंद्रात किती प्रोटॉन आहेत ते ओळखायचं. एकोणऐंशी असले की सोनं. सत्तेचाळीस असले की चांदी. एकोणतीस, तांबं. दागिना वितळवा, तार ओढा, सोनं विरघळवणाऱ्या अम्लराजात टाका, बाहेरचे इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे होतील, केंद्रातले एकोणऐंशी हलणार नाहीत. हॉलमार्किंगला पुढे भट्टीतली तपासणी पण करतात, पण पहिली नजर या यंत्राचीच. लाखोंचे व्यवहार रोज ज्या बाजारात होतात तो बाजार मोझलीच्या रेघेवर विश्वास टाकून चाललाय, आणि त्याच बाजारापासून हाकेच्या अंतरावरच्या शाळांमध्ये पोरं अणुअंकाची व्याख्या पाठ करतायत.

मोझलीच्या त्या रेघेने पोटॅशियमचं पण एक कोडं सोडवलं. मेंडेलीव्हने १८६९ ला तक्ता केला तो अणूच्या वजनाच्या क्रमाने. १८९४ ला रॅले आणि रॅम्झीने हवेतून आर्गॉन शोधला आणि पंचाईत झाली, कारण आर्गॉनचं वजन ३९.९५ आणि पोटॅशियमचं ३९.१०. वजनाने लावलं तर पोटॅशियम आधी येतं आणि निष्क्रिय वायूंच्या रांगेत जाऊन बसतं, पाण्यावर पेटणारा धातू निष्क्रिय वायूंत! प्रभाराने मोजलं की प्रश्नच राहत नाही, आर्गॉन अठरा, पोटॅशियम एकोणीस. इथपर्यंत पुस्तकात सापडतं. पण आर्गॉन मुळात एवढा जड का, हे सहसा कुणी सांगत नाही, आणि ते कारण मला सगळ्यात जास्त आवडतं.

पोटॅशियम सगळं एकसारखं नसतं. प्रोटॉन एकोणीसच, पण न्यूट्रॉन कुणात वीस, कुणात बावीस. आणि अगदी थोड्यात, ०.०११७ टक्क्यात, एकवीस. हा एकवीसवाला, पोटॅशियम-४०, अस्थिर आहे. केळीला तो वेगळा कळत नाही, मुळाला कळत नाही, आपल्या पेशीला कळत नाही, कारण बाहेर इलेक्ट्रॉन तेच आणि केमिस्ट्री सगळी बाहेर. पण आत बदल होत असतो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणारा काळ, १२५ कोटी वर्षं. मध्यम आकाराच्या एका केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, त्यात दर सेकंदाला बारा-तेरा केंद्रकं बदलतात. घाबरायचं काही नाही, मोठ्या माणसाच्या स्वतःच्या शरीरात दर सेकंदाला चार हजारांच्या वर बदलतात. शंभरातले एकोणनव्वद कॅल्शियम होतात, आणि सुमारे अकरा जण एक वेगळीच गोष्ट करतात, स्वतःचाच एक आतला इलेक्ट्रॉन केंद्रकात ओढून घेतात. एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो. एकोणीसचे अठरा झाले. पोटॅशियम होतं, आर्गॉन झालं.

आपण श्वासात घेतो त्या हवेत जवळजवळ एक टक्का आर्गॉन आहे, आणि तो बहुतेक सगळा असा पृथ्वीच्या पोटातल्या पोटॅशियमपासून तयार होत होत वर आलेला आहे, म्हणून तो चाळीस वजनाचा. सूर्यात आर्गॉन मुख्यतः छत्तीस वजनाचा आहे. आपल्या हवेत तसाच असता तर तो पोटॅशियमपेक्षा हलका निघाला असता आणि मेंडेलीव्हच्या तक्त्यातलं ते कोडं कुणाला पडलंच नसतं. पोटॅशियमनेच शेजाऱ्याला जड केलं आणि मग स्वतःची जागा चुकल्यासारखी दिसली.

आणि हेच आपल्या पायाखालच्या दगडात पण चालू आहे. धुळे, साक्री, नंदुरबारकडे शेतांमधून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती गेलेल्या दिसतात, लाव्हा जमिनीच्या भेगांमध्ये घुसून थिजलेला, त्यांना डाइक म्हणतात. अजिंठ्याची लेणी कोरलीत तो पण दख्खनच्या लाव्ह्याचाच दगड. लाव्हा पातळ होता तेव्हा त्यातला आर्गॉन निघून गेला, तो वायू, त्याचा कुणाशी बंध नाही, कवचं भरलेली. दगड थिजला की पोटॅशियम आयन म्हणून स्फटिकात पक्का बसला. मग त्यातला एखादा एखादा आर्गॉन होत गेला आणि तो आता बाहेर जाऊ शकत नाही, चारी बाजूंनी स्फटिक. लॅबमध्ये तो दगड तापवून वितळवतात, अडकलेला आर्गॉन बाहेर येतो, तो मोजतात, पोटॅशियमशी त्याचं प्रमाण काढतात, आणि दगडाचं वय निघतं. साधारण साडेसहा कोटी वर्षं. एवढ्या काळात शंभरातले साडेतीनच पोटॅशियम-४० बदललेत, आणि त्यातला पण आर्गॉन झालेला नवव्या-दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे हजारात चारसुद्धा नाहीत. एवढंसं मोजून अख्ख्या दख्खनचं वय सांगता येतं. अणूत बाहेर एक हिशोब आणि आत दुसरा हिशोब चालतो, आणि बाहेरून आतल्याला धक्का लावता येत नाही, म्हणून हे घड्याळ बरोबर चालतं. आग लागो, पाणी लागो, खत म्हणून ड्रममध्ये पडो, केंद्रकाला फरक पडत नाही.

पुतण्याला मी हे सगळं एका दिवसात नाही सांगितलं, ड्रमजवळ उभं राहून तर नाहीच नाही. तो अजून अधूनमधून विचारतो. परवा विचारत होता की मग पोटॅशच्या गोणीत पण आर्गॉन तयार होत असेल ना. होत असेल, म्हटलं, आणि दाण्यांत थोडा अडकून पण राहत असेल.

एक गोष्ट मी ठरवलीय. ओळखीच्या सराफांना विचारून ठेवलंय, यंदा नववी-दहावीच्या पोरांना दहा-दहाच्या गटाने त्यांच्या कॅरेट मीटरपुढे उभं करायचं. जिथे यंत्र नुसते टक्के न दाखवता टोकं पण दाखवतं तिथेच न्यायचं. घरून एक पितळी वस्तू, एक चांदीचं पैंजण आणायचं. तांब्याचं टोक आठच्या जरा वर येतं, जस्ताचं साडेआठच्या वर, चांदीचं बावीसच्या वर, किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये. तिन्हीची वर्गमुळं काढायची, आलेखाच्या कागदावर एकोणतीस, तीस आणि सत्तेचाळीसच्या समोर ठिपके द्यायचे आणि पट्टीने रेघ ओढायची. रेघ तशीच खाली नेली की एकोणीसच्या समोर पोटॅशियम कुठे यायला पाहिजे ते कळतं, वर्ग केला की सव्वातीनच्या आसपास, आणि खरं मोजलेलं ३.३ आहे. सोन्याचा ठिपका मात्र त्या रेघेवर बसणार नाही, खूप खाली जाईल, कारण ही यंत्रं सोन्याची वेगळ्या कवचातली रेषा वाचतात. ते मी आधी सांगणार नाही. ते पोरांनीच पकडायचं आणि मला विचारायचं.